जुन्या कॉम्प्युटरवरून गेमचं लाइव्ह: आधी अडतंय कुठे ते ओळखा

ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे डेस्कटॉप जुन्या बाजारात सहज मिळतात. कोअर आय-फाइव्ह, दुसरी ते चौथी पिढी, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अशा मशीनवरून हलक्या गेमचं ७२०पी लाइव्ह नीट निघतं आणि त्याला लागणारं सॉफ्टवेअर, ओबीएस स्टुडिओ, पूर्ण फुकट आहे. पहिल्या दिवशी मात्र बहुतेकांचं लाइव्ह अडकतं. मग कुणी नेटचा प्लॅन वाढवतो, कुणी रॅम घालतो, कुणी गेमच बदलतो. अडकणं तसंच राहतं. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला.

लाइव्ह चालू असताना तीन कामं एकदम होत असतात. ग्राफिक्स चिप गेमचं चित्र काढते आणि त्यातूनच ओबीएसची फ्रेमही जुळवते. एनकोडर ती फ्रेम दाबून लहान करतो. नेट ती यूट्यूबपर्यंत पोचवतं. तिन्हींतलं कुठलंही मागे पडलं तरी बघणाऱ्याला एकच दिसतं: चित्र अडकतंय. ओबीएस स्टुडिओ मात्र तिन्हींचा हिशोब वेगवेगळा ठेवतं. तो वाचता आला की निम्मं काम झालं. म्हणून खालची सगळी जुळवाजुळव करा, पण आकड्यांचा भाग सर्वांत सावकाश वाचा.

मशीन चालेल का

ओबीएसच्या २८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, विंडोज ७ आणि ८ बंद झाले, ३२ बिटही बंद. तेव्हा ६४ बिट विंडोज १० हवंच. कोअर टू ड्युओचं जी३१ चिपसेटवालं मशीन असेल तर त्याचं अंगचं (वेगळ्या कार्डाशिवाय मशीनमध्येच असलेलं) ग्राफिक्स डायरेक्टएक्स ९ पुरतंच आहे. त्यावर आजचं ओबीएस चालणार नाही, तिथे वेळ घालवू नका.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि चौथ्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. यावर दोन वाटा आहेत. तुमचे गेम विंडोजचेच असतील तर विंडोज १० ठेवा, पण त्या मशीनवर बँकेचं, यूपीआयचं, महत्त्वाच्या मेलचं काम करू नका. लिनक्सवर चालणारे गेम खेळणार असाल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला. ती जुन्या मशीनला हलकी पडते आणि तिच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ओबीएस मिळतं. फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले बरेच ऑनलाइन गेम लिनक्सवर उघडत नाहीत, एवढं आधी तपासा.

रॅम ८ जीबी हवी, आणि ती ४-४ च्या दोन पट्ट्यांत. हे महत्त्वाचं आहे. अंगचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅमच वापरतं. एकच पट्टी असेल तर तिला एकच वाट मिळते आणि गेमच्या फ्रेम पडतात. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर मशीन उघडायला आणि गेम लोड व्हायला लागणारा वेळ खूप कमी होतो, पण लाइव्ह अडकायचं तिच्यामुळे थांबत नाही.

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच ठरवलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जीटी १०३० स्वस्त आणि नवं दिसतं, पण त्यात एनव्हेंक हा एनकोडरच नाही. जुनं जीटीएक्स ७५० टीआय घेतलं तर त्यात तो आहे. छोट्या कॅबिनेटच्या ऑफिस मशीनमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही, दुकानात जाताना कॅबिनेटचं माप घेऊन जा.

गेम निवडताना मशीनची कुवत बघा. क्रिकेट ०७, सॅन अँड्रियास, काउंटर-स्ट्राइक १.६ हे गेम अशा मशीनवर प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा ठेवतात. फुकट हवेत तर सुपरटक्सकार्ट आणि झिरो एडी आहेत. झिरो एडीत मोठं सैन्य जमलं की प्रोसेसर धापा टाकतो, म्हणून लहान नकाशे घ्या.

उन्हाळा आणि धूळ

मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० अंश सहज होतात. प्रोसेसरचा पंखा तीच गरम हवा ओढतो. चिप १०० अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. लाइव्ह पहिली वीस मिनिटं छान चालतं आणि मग अडकू लागतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घालून गेम चालू असताना तापमान बघा. ८५ च्या आत राहिलं तर ठीक. वर जात असेल तर मशीन बंद करून, वायर काढून, बाजूचं झाकण उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या, उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. पंखा सोडवल्याशिवाय तो निघत नाही. हीटसिंक काढलीच तर जुनी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलाव्यानं धूळ चिकटते आणि रॅमच्या खाचेत गंज धरतो.

यूट्यूबची बाजू आदल्या दिवशी करा

चॅनेलवर लाइव्ह पहिल्यांदा चालू करताना फोन नंबरची पडताळणी लागते, आणि परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. रविवारी लाइव्ह करायचं तर शनिवारी सकाळीच हे उरका. मोबाइल अॅपवरून लाइव्हला ५० सबस्क्रायबर लागतात. कॉम्प्युटरवरून ओबीएसनं करायला ती अट नाही. २२ जुलै २०२५ पासून एकट्यानं लाइव्ह करायला वय किमान १६ लागतं. घरातला मुलगा आठवी-नववीत असेल तर मोठ्या माणसानं सोबत कॅमेऱ्यात दिसायला हवं.

यूट्यूब स्टुडिओत लाइव्हच्या पानावर स्ट्रीम-की मिळते. ती चॅनेलची किल्ली आहे. कुणाला पाठवू नका, ओबीएसची सेटिंग उघडी असताना स्क्रीन दाखवू नका. बाहेर गेलीच तर त्याच पानावर रीसेट करा, जुनी लगेच निकामी होते. त्याच पानावर ऑटो-स्टॉप बंद करून ठेवा. चालू राहिलं तर लाईट गेल्यावर तुमचं लाइव्ह तिथेच संपवलं जातं आणि लाईट आल्यावर जुन्या लिंकवर कुणी बघू शकत नाही.

ओबीएसची जुळणी

ओबीएस त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. पहिल्यांदा उघडलं की मदतनीस खिडकी येते, ती रद्द केली तरी चालतं. जुन्या मशीनवर ती कधीकधी जास्तीचे आकडे सुचवते. हातानं भरा.

१. सेटिंग्जमध्ये व्हिडिओ. बेस आणि आउटपुट, दोन्ही रिझोल्यूशन १२८० बाय ७२०. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ३०. गेमच्या आत पण १२८० बाय ७२० ठेवा. तिन्ही सारखे असले की चित्र लहान-मोठं करायचं काम ग्राफिक्सवर पडतच नाही.

२. आउटपुट. मोड अॅडव्हान्स्ड, रेट कंट्रोल सीबीआर, बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) २५०० केबीपीएस, कीफ्रेम अंतर २ सेकंद, आवाज १२८ केबीपीएस. यूट्यूब ७२०पी साठी ४००० सुचवतं, त्यामुळे बिटरेट कमी असल्याची सूचना दिसेल. लाइव्ह चालू राहतं. क्रिकेट किंवा डावपेचांच्या गेमला २५०० पुरतात, शर्यतीच्या गेमला चित्र थोडं फुटतं.

३. एनकोडर. यादीत क्विक सिंक किंवा एनव्हेंक दिसला तर तोच घ्या. क्विक सिंक इंटेलनं २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून दिलं. ते चिपमधल्या वेगळ्या भागात चालतं, त्यामुळे प्रोसेसर गेमसाठी मोकळा राहतो. जुन्या पिढीत त्याचं चित्र किंचित मातकट येतं, पण अडकणाऱ्या स्वच्छ चित्रापेक्षा सलग चालणारं मातकट चित्र लोक जास्त वेळ बघतात. दिसत नसेल तर आधी इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घाला. वेगळं कार्ड लावलेल्या मशीनमध्ये अंगचं ग्राफिक्स बऱ्याचदा बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद झालेलं असतं, ते चालू करावं लागतं. तरीही नाहीच आलं तर एक्स२६४ (प्रोसेसरवरच चालणारा एनकोडर) घ्या आणि प्रीसेट व्हेरीफास्ट ठेवा.

४. अॅडव्हान्स्ड. प्रोसेस प्रायॉरिटी अबव्ह नॉर्मल. ऑटोमॅटिक रीकनेक्ट चालू. नेटवर्कच्या भागात गर्दी झाली की बिटरेट आपोआप बदलण्याची खूण आहे, तीही करा.

५. सोर्सेसमध्ये गेम कॅप्चर जोडा. डिस्प्ले कॅप्चर टाळा. त्यात व्हॉट्सअॅपचे निरोपही सगळ्यांना दिसतात.

गेम कॅप्चर काळं दिसलं तर ओबीएस बंद करून उजव्या क्लिकनं रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर करा. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर गेम एका चिपवर आणि ओबीएस दुसऱ्यावर चालत असतं, म्हणूनही काळं येतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स भागात जाऊन दोन्ही एकाच चिपवर आणा. तेवढ्यानं जमलं नाही तर गेम खिडकीत चालवून विंडो कॅप्चर वापरा.

तीन आकडे

वरच्या व्ह्यू किंवा डॉक्स मेन्यूतून स्टॅट्स उघडा आणि कोपऱ्यात कायम ठेवा. लाइव्ह सुरू करून दहा मिनिटं खेळा, मग तीन ओळी बघा.

पहिली ओळ रेंडरिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेमची. ही वाढत असेल तर ग्राफिक्स चिप पूर्ण भरली आहे. गेम मिळेल तेवढी ताकद खातो आणि ओबीएसला काही उरत नाही. उपाय गेममध्ये आहे: व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू करा किंवा गेमला ६० फ्रेमची मर्यादा घाला, तरी भागलं नाही तर ३०. सावल्या बंद, अँटी-अलायझिंग (चित्राच्या कडा मऊ करणं) बंद. ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, त्यामुळे विंडोज ग्राफिक्सच्या रांगेत त्याला पुढे घेतं. प्रिव्ह्यूवर उजवी क्लिक करून तो बंद करा. त्याच खिडकीत एक फ्रेम काढायला लागणारा सरासरी वेळ दिसतो. ३० फ्रेमला तो ३३ मिलिसेकंदांच्या बराच खाली असायला हवा. २५ च्या वर गेला की पुढच्या गर्दीच्या दृश्यात फ्रेम सुटणार हे समजून चला.

दुसरी ओळ एनकोडिंग लॅगमुळे गाळलेल्या फ्रेमची. इथे प्रोसेसर किंवा एनकोडर पुरत नाही. तळाशी एनकोडिंग ओव्हरलोडेडची सूचना येते ती याचीच. एक्स२६४ वर असाल तर प्रीसेट व्हेरीफास्टवरून सुपरफास्ट, मग अल्ट्राफास्ट. दर पायरीला चित्र थोडं बिघडतं. अल्ट्राफास्टवरही आकडा वाढत असेल तर आउटपुट ८५२ बाय ४८० करा, बिटरेट १००० ते १२००. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले की एनकोडरचं कामही त्याच प्रमाणात उतरतं. क्रोम बंद करा. सूचनांसाठी लावलेला प्रत्येक ब्राउझर सोर्स ओबीएसच्या आत एक आख्खा ब्राउझर चालवतो, सुरुवातीला एकही नको. चॅट फोनवर उघडा. वेबकॅम ६४० बाय ४८० वर ठेवा.

तिसरी ओळ नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेमची. इथे मशीनचा दोष काहीच नाही. गेमचे ग्राफिक्स कमी करून हा आकडा हलणार नाही, आणि नेट वाढवून वरचे दोन हलणार नाहीत. बहुतेकांचा वेळ आणि पैसा इथेच वाया जातो.

तिन्ही आकडे शून्य आहेत आणि तरी बघणाऱ्याला अडकतंय म्हणाल तर एखाद्या वेगळ्या नेटवरच्या मित्राला बघायला सांगा. बऱ्याचदा ते त्याच्याच रेंजचं असतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दहा मिनिटं बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही.

नेट

स्पीड टेस्ट करताना डाउनलोड विसरा, अपलोड बघा. ज्या वेळी लाइव्ह करणार त्याच वेळी, तीनदा. रात्री नऊला अख्खी गल्ली नेटवर असते, सकाळचा आकडा तेव्हा कामाचा नाही. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा धरा आणि बिटरेट त्याच्या ६० ते ७० टक्क्यांत ठेवा. २५०० केबीपीएससाठी म्हणजे ४ एमबीपीएस स्थिर अपलोड.

राउटर ते मशीन लॅन वायर टाका. एका खोलीतून दुसरीत जायला १५ मीटरची कॅट५ई वायर पुरते, आणि इतक्या कमी खर्चात दुसरी कुठलीही सुधारणा एवढी उपयोगी पडत नाही. फायबर नसलेल्या गावात फोनचं नेट वापरायचं तर हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग (वायरनं फोनचं नेट मशीनला देणं) करा. फोन चार्जही होत राहतो, आणि वायफायची एक अडचण कमी होते.

डेटाचा हिशोब असा: २५०० अधिक १२८ केबीपीएस म्हणजे तासाला साधारण १.२ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनमध्ये सव्वा तास. ४८०पी वर १००० केबीपीएस ठेवले तर तासाला अर्धा जीबी.

लाईट

एसएमपीएस (कॅबिनेटमधला मशीनला वीज पुरवणारा डबा) वीज गेल्यावर जेमतेम १५-२० मिलिसेकंद तग धरतो, जुना झाला की त्याहून कमी. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं. नॉर्मलवर बदल सावकाश होतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. यूपीएसवर करा. त्याची एक बाजू माहीत असू द्या: यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर थेट बॅटरीवर जातो. शेतातल्या मोटारी चालू असण्याच्या वेळात व्होल्टेज पडणाऱ्या भागात बॅटरी गुपचूप उतरते. लाइव्हची वेळ त्या वेळापत्रकाच्या बाहेर ठेवणं हाच खरा उपाय.

मशीन इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या बोर्डावर, ही चूक फार घरांत आहे. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या, किंवा त्यांच्यासाठी छोटा राउटर यूपीएस घ्या. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, काही ९ चे असतात, काही १२ चे.

१२ तासांच्या आतलं लाइव्ह यूट्यूब स्वतःच साठवतं, म्हणून मशीनवर वेगळं रेकॉर्डिंग करू नका. करायचंच तर एमकेव्हीमध्ये. साध्या एमपी४ फाइलचा शेवट लिहिला जायच्या आत लाईट गेली तर पूर्ण फाइल उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची राहते. नंतर फाइल मेन्यूतल्या रीमक्सनं तिची एमपी४ करता येते, मिनिटभरात.

आवाज

फोनचा चांगला इअरफोन सुरुवातीला पुरतो. डेस्कटॉपला माइक आणि स्पीकरची भोकं वेगळी असतात, त्यामुळे चार पट्ट्यांच्या पिनला दोन भागांत विभागणारा स्प्लिटर लागतो. तो नसेल तर ऐकू येतं पण माइक चालत नाही.

पंखा आणि कूलर बंद करून मे महिन्यात कुणी बसू शकत नाही. माइक तोंडाच्या चार बोटं जवळ आणा, मग त्याची संवेदनशीलता कमी करता येते आणि पंखा आपोआप मागे जातो. उरलेल्यासाठी ओबीएसच्या मिक्सरमध्ये माइकला नॉइज सप्रेशन हा फिल्टर लावा. आरएननॉइज पंख्याची घरघर छान कापतो पण प्रोसेसर थोडा जास्त घेतो. स्टॅट्समधला दुसरा आकडा काठावर असेल तर स्पीक्स वापरा. बोलताना पट्टी पिवळ्यात, उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये नाचली पाहिजे. गेमचा आवाज उणे ३० ते उणे २०. गेम मोठा आणि बोलणं बारीक असेल तर लोक थांबत नाहीत.

सॅन अँड्रियास खेळताना गाडीतला रेडिओ बंद ठेवा. ती गाणी कॉपीराइटची आहेत, यूट्यूब ती ओळखतं आणि दावा लागतो.

गेम फोनवर, लाइव्ह कॉम्प्युटरवर

बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स खेळणाऱ्यांसाठी जुनं मशीन आणखी उपयोगी आहे. गेमचा भार फोन घेतो, मशीन फक्त एनकोडिंग करतं. एस-सी-आर-सी-पी-वाय नावाचं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फोनची स्क्रीन यूएसबीवरून कॉम्प्युटरवर दाखवतं. फोनच्या अबाउटमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डिबगिंग चालू करा. सुरू करताना कमाल आकार १२८० आणि ३० फ्रेम सांगा. ओबीएसमध्ये त्या खिडकीचं विंडो कॅप्चर घ्या. गेमचा आवाज अँड्रॉइड ११ पासून वायरनं येतो. त्याआधीच्या फोनवर हेडफोनच्या भोकातून मशीनच्या लाइन-इनला वायर टाकावी लागते. चार्जिंगपुरती वायर इथे चालत नाही, डेटा जाणारी हवी. काम झालं की डिबगिंग बंद करा.

चॅनेल थोडं वाढलं की पैसे लावायच्या खेळांच्या जाहिरातीचे निरोप येऊ लागतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं अशा खेळांची जाहिरात करणंही गुन्हा ठरवलं आहे, नकार द्या.

पहिलं लाइव्ह अनलिस्टेड ठेवून करा. लिंक दोन मित्रांना पाठवा, अर्धा तास खेळा, तापमान आणि तीन आकडे वहीत लिहा. मधेच मेन स्विच बंद करून मशीन, राउटर आणि लाइव्ह तिन्ही टिकतात का तेही बघून घ्या. टिकले तर पुढचं पब्लिक करा.